एक महिना मागे

कुशिरोच्या बंदरात धुकं उतरतं
तेव्हा आधी पुलाचं पलीकडचं टोक जातं,
मग दिवे, मग माणसांचे पाय.
तिसऱ्या मजल्यावर इसोबे चिगुसा
खिडकी लावून घेते
आणि साठ हिवाळ्यांचा तक्ता उघडते.

एका रकान्यात समुद्राचं तापमान,
शेजारी हवेचा दाब.
दोन्ही बरोबर चढतात, बरोबर उतरतात.
नवा मुलगा कुदो खुशीत म्हणतो, सापडलं!
काय सापडलं?
वारा सुटला म्हणून पाणी गार झालं
की पाणी गार होतं म्हणून वारा सुटला?
एकाच महिन्यातले दोन आकडे
एकमेकांकडे बोट दाखवत उभे राहतात
फुटलेल्या बशीशेजारच्या भावंडांसारखे.

समुद्र एक महिना मागे सरकव, ती सांगते.
आधीचं पाणी, नंतरची हवा.
हवेला आठवड्या-दोन आठवड्यांपलीकडचं आठवत नाही.
तिच्या बोलण्यात महिन्यापूर्वीचं काही निघालं
तर ते तिचं नव्हे,
कुणीतरी जपून ठेवून तिच्या कानात घातलेलं.

कुदो सरकवतो.
डोंगराएवढा आकडा टेकाडाएवढा होतो,
मग ओल्या वाळूत बुटाचा ठसा राहावा एवढाच.
त्याचा चेहरा पडतो.
आता खरा असेल, ती म्हणते. कदाचित.

हे तिला गणितानं शिकवलेलं नाही.
बाप सांमा मासळीच्या बोटीवर.
घरी आला की भिंतीकडे बघत बसायचा.
आई घटकेत हसणारी, घटकेत भांडी आपटणारी.
सातव्या वर्षी चिगुसाला कळेना
घर नक्की कुणामुळे गढूळतं :
दोघं एकाच वेळी गप्प, एकाच वेळी बरे.
मग तिनं आजच्या आईसमोर
कालचा बाप ठेवून पाहिला.
बर्फवाल्यानं दिलेल्या कॅलेंडरवर, पेन्सिलीनं,
बापाला गोल, आईला फुली.
जाळं रिकामं आलं की दुसऱ्या दिवशी
मिसो सूप खारट.
नेहमी नाही.
अकरातून सात वेळा.

सात म्हणजे पुष्कळ का?
अजून तोच प्रश्न आहे, पगार तेवढा मिळू लागला.
कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडतेच कधी तरी;
म्हणून ती हजार वेळा कावळा बसवून बघते.
वर्षं पत्त्यांसारखी पिसते,
त्रेसष्टचा समुद्र ब्याऐंशीच्या आभाळाखाली,
ब्याऐंशीचा आणखी कुठल्या परक्या आभाळाखाली,
आणि मोजते, नुसत्या योगायोगानं
एवढा ठसा कितीदा उमटला.
हजारात एकेचाळीस.
म्हणजे? कुदो विचारतो.
म्हणजे लिहायचं. पण खालच्या आवाजात.

तळघरातल्या यंत्रात मात्र चैन आहे.
तिथे एकच समुद्र चाळीस आभाळांना वाढता येतो.
प्रत्येक आभाळ आपल्या तऱ्हेनं बिथरतं,
चाळिसांची बेरीज केली की
ज्याचा त्याचा गोंगाट एकमेकांत विरतो
आणि तळाशी मिठासारखं उरतं
ते समुद्राचं म्हणणं.
खिडकीबाहेर एकच आभाळ,
तेही आज दिसत नाही.

बाप जाऊन नऊ वर्षं झाली.
रविवारी आई चुलीशी उभी होती,
ढवळता ढवळता थांबली,
आणि मिसोचा आणखी एक चमचा, भरगच्च.
चिगुसा मनातल्या मनात मागे सरकवत गेली,
एक दिवस, एक महिना, एक हिवाळा,
दोन, पाच, नऊ.
एवढ्या लांबच्या अंतराला नमुने पुरत नाहीत,
हे ती विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून देते.

आईनं विचारलं, कसं झालंय?
बंदरात भोंगा वाजला. थोड्या वेळानं पुन्हा.
चिगुसानं वाटी पुढे केली :
अजून वाढ.